गुलालात उमटलेली ओल

गाडीतलं पाणी कुठं जातं, हे दिवाळीपासून मला कळत नव्हतं. सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं तर पाणी तांब्याभर खाली गेलेलं असायचं. जमिनीवर एक थेंब नाही. ऑइलची काडी ओढून पाहावी तर ऑइल स्वच्छ, त्यात दुधट काही नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. रबरी पाईप हाताने चाचपून पाहिले, सगळे कोरडे. मी गाडीखाली जुनं पोतं अंथरून ठेवायचो आणि पहाटे बॅटरी घेऊन त्यावर ओल शोधायचो. पोतं आपलं कोरडं ठणठणीत. गाडी जणू पाणी पीत होती आणि ते कुठं जिरवत होती ते तिचं तिलाच ठाऊक.

जीप वडिलांनी घेतलेली, डिझेलवरची, आता म्हातारी झालेली. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या अलीकडे आमचं गाव. घरची थोडी धानाची जमीन आहे, पण वर्षभराचा आधार म्हणाल तर ही जीपच. बाजाराच्या दिवशी माणसं, हंगामात तलावातले शिंगाडे, लग्नसराईत वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच जातं. म्हणून मी तिला घेऊन गोंदियाला गेलो. तिथले उस्ताद उभी हयात डिझेल इंजिनांत घालवलेले. त्यांनी झाकण बदललं, पाण्याच्या पंपाचं सील बदललं, इंजिन थंड असताना हवेचा दाब देऊन पाहिला. कुठूनच काही गळेना. मग त्यांनी हिरवं कूलंट भरून दिलं, की गळेल तिथं रंग तरी दिसेल. पण वाटेत इतक्यांदा साधं पाणी ओतावं लागलं की आठवड्याभरात तो हिरवा रंगच उडून गेला.

शेवटी उस्तादांनी हात पुसले आणि म्हणाले, "देखो भैया, बाहर नहीं गिर रहा, मतलब अंदर जा रहा है. हेड खोलना पड़ेगा."

हेड खोलायचं म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. आणि जुनं इंजिन एकदा उघडलं की पुन्हा पहिल्यासारखं बसेल याचा भरवसा कोणी देत नाही. "शिवरात्रीनंतर आणतो," म्हणून मी गाडी घरी आणली.

शिवरात्रीनंतर असं म्हणायला कारण होतं. माझी बायको पारबता आमच्या गावच्या महिला भजन मंडळात पुढे गाते. गाते म्हणजे गायची. मागच्या वर्षी नागपूरला तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज बसला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला लागून आहे, थोडे दिवस असं होऊ शकतं. थोडे दिवस गेले, महिने गेले. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "नस आता बरी दिसते. बोला, भिऊ नका." पण पारबताला भीती बसली होती. ती कानाशी येऊन कुजबुजल्यासारखं बोलायची. ढोरांना हाक मारायची असली तर मला खुणेनं सांगायची. ज्या घरात बाईच्या आवाजाने ढोरांचा वाडगा जागा व्हायचा, त्या घरात आता भांड्यांचाच आवाज उरला होता.

दरवर्षी शिवरात्रीला आमचं मंडळ प्रतापगडला जातं. साताऱ्याचा नव्हे, आमच्याकडचा, जंगलातला. डोंगरावर महादेव आहे आणि त्याच डोंगराला दर्गाही आहे. यात्रेला दोन्हीकडची माणसं एकाच वाटेने चढतात. पारबता मला म्हणाली होती, "अजी, मी तिथंच तोंड उघडीन. महादेवाच्या पायथ्याशी. आला आवाज तं आला. नाही आला तं मंग मी मंडळ सोडीन."

मी तिला हो म्हणालो, पण खरं सांगायचं तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी देव मानतो, नारळ फोडतो, उपास करतो. पण त्या दिवसांत रोज पहाटे कोरडं पोतं पाहून माझ्या मनात यायचं की इकडे गाडीचं पाणी आटतं, तिकडे बायकोचा आवाज आटतो, आणि मी नुसतं पाहत राहतो. देवाला दिसतं तरी का हे? असा प्रश्न मी कोणाला बोलून दाखवला नाही. देवालाही नाही.

शिवरात्रीच्या सकाळी आम्ही निघालो. मंडळातल्या बाया, ढोलकी, टाळ, उकडलेल्या रताळ्यांचा डबा आणि पाण्याची मोठी कॅन. माझ्या शेजारी पारबता, मागे ढोलकी मांडीवर घेऊन कौतिका वहिनी. या माझ्या चुलतभावाच्या बायको, मंडळाच्या ढोलकीवाल्या आणि स्वभावाने मोठ्या गमत्या. "भाऊजी, गाडीले पन उपास आहे का?" त्या मागून म्हणाल्या. "पानी पिऊन राह्यली नुसती!" बाया हसल्या. मी हसलो नाही. माझे डोळे तापमानाच्या काट्यावर होते.

जंगलाचा रस्ता लागण्याआधीच काटा चढला. थांबलो, इंजिन निवू दिलं, कॅनमधलं सगळं पाणी रिचवलं. पुढे निघालो. दोन्हीकडे पळस पेटल्यासारखा फुलला होता, पण मला तो नंतर आठवला. तेव्हा मी फक्त काटा पाहत होतो आणि कमीत कमी थांबावं लागेल अशी गाडी चालवत होतो.

एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. शेजारी वेताची मोठी टोपली. तिने हात केला. मी मनात ठरवलं, थांबायचं नाही. गाडी भरलेली, इंजिन तापलेलं, आणि पुढे चढ. तेवढ्यात पारबताने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी ब्रेक दाबला, आणि मनातल्या मनात चरफडलो.

म्हातारीचं नाव सायत्राबाई. यात्रेत पूजेचं सामान विकायची. टोपलीत बेलाची पानं, नारळ, अगरबत्त्या, दर्ग्यावर वाहायची फुलं आणि गुलालाच्या पिशव्या. बाया सरकल्या, टोपली मांड्यांवर घेतली, आणि सायत्राबाई कौतिका वहिनींना चिकटून बसली. "गाडीत लय गरम होऊन राह्यलं व," ती म्हणाली. ते ऐकून मी काट्याकडे पाहिलं. काटा तांबड्यात गेला होता.

मोहाच्या एका झाडाखाली गाडी उभी केली आणि बॉनेट उघडलं. वाफेचा लोट वर आला. सगळ्या बाया खाली उतरल्या. रस्त्याने पायी जाणारे यात्रेकरू थांबून पाहायचे, "काय झालं भाऊ?" विचारायचे आणि पुढे जायचे. फोनला रेंज नव्हती. मंडळाला दुपारी पायथ्याच्या मांडवात गायचं होतं, नाहीतर त्यांची पाळी दुसऱ्या मंडळाला जाणार होती. पारबता झाडाच्या बुंध्याशी बसली होती, हातात टाळ घट्ट धरून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, की होऊ द्या, नाही तर नाही. तिची ती समजूतदार मान मला सहन झाली नाही. मी डोंगराच्या दिशेला तोंड करून मनातल्या मनात म्हणालो, "तुझ्याच दारात येऊन राह्यलो ना? मग काऊन अडवतोस?" त्याहून जास्त प्रार्थना मला सुचली नाही. हिला प्रार्थना म्हणावं की भांडण, तेही मला ठाऊक नाही.

इंजिन निवायला वेळ लागणार होता. सायत्राबाई टोपलीतून गुलालाची पिशवी घेऊन माझ्याजवळ आली.

"गाडीले टिळा लावला का गा सकाळी?"

"नाही लावला, माय. घाईत राहून गेला."

"मंग रुसन नाही तं काय करन ते? देवाच्या वाटेले निंगाली, न कपाळ कोरं!"

मी काही बोलण्याआधीच तिने पिशवीची गाठ सोडली आणि चिमूट उचलायला बोटं आत घातली. आणि त्याच वेळी वारा आला. फाल्गुनाच्या तोंडावर आमच्या जंगलात वावटळ उठते, वाळकी पानं गरगरत वर नेते, तशी ती उठली. पिशवी तिच्या हातातून निसटली आणि फुटल्यासारखी उधळली. अख्खा गुलाल उघड्या बॉनेटमध्ये गेला. जो इंजिनावर बसला नाही तो माझ्या तोंडावर बसला. माझ्या मिशा गुलाबी, भुवया गुलाबी, पंपापासून पंख्यापर्यंत सगळं इंजिन गुलाबी.

सायत्राबाईचा चेहरा पडला. "अरे माय व, हे काय झालं माह्या हातानं..." मला राग आला होता, खरंच आला होता. मी तोंड उघडलं तर तोंडातून गुलालाचाच फवारा उडाला. कौतिका वहिनी ढोलकीवर थाप मारून म्हणाल्या, "भाऊजींची रंगपंचमी झाली व!" आणि बाया जमिनीवर बसून हसायला लागल्या. पारबता टाळ तोंडापुढे धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईतो. मग माझ्यानेही राहवलं नाही. त्या जंगलात, बंद पडलेल्या गाडीपुढे, मी पोट धरून हसलो. दिवाळीपासून मी असा हसलो नव्हतो.

आमचा हसण्याचा आवाज ऐकून वाटेवरचे लोक थांबले. कोणी विचारलं, पाणी पाहिजे का? एका माणसाने आपली बाटली पुढे केली. मग दुसऱ्याने. डोंगर चढताना लागेल म्हणून आणलेलं पाणी लोक देत होते. दर्ग्याला निघालेल्या एका कुटुंबाने तर आपली अख्खी बुधली दिली. मी नको नको म्हणत होतो, आणि ते म्हणत होते, "राहू द्या, वर भेटते पानी."

तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जातो. म्हणून मी इंजिन चालू केलं, स्टेअरिंगवर बसून थोडा ॲक्सिलरेटर देत राहिलो, आणि पारबता पुढे उभी राहून रेडिएटरमध्ये बारीक धारेने पाणी सोडू लागली. भरत आलं तसं मी खाली उतरून झाकण लावलं, पुन्हा चढून इंजिन थोडं तेज केलं. जुन्या डिझेल इंजिनाचा तो खडखडाट. समोरच्याचं बोलणं ऐकू येणार नाही असा. बॉनेट उघडं असल्याने पुढे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं.

आणि मला हाक ऐकू आली.

"अजी! थांबा! तिथं ओलं होऊन राह्यलं!"

खडखडाटाच्या वरून, स्वच्छ. आधी मला कळेना की कोण ओरडलं. मग माझा हात आपोआप इंजिन बंद करायला गेला. शांतता झाली. सगळ्या बाया पारबताकडे पाहत होत्या. पारबता स्वतःचा गळा धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताचं बोट इंजिनाकडे केलेलं.

"मी बोलली का?" ती म्हणाली. आवाज थोडा घोगरा, पण पुरता.

"तूच बोलली व!" कौतिका वहिनी रडतच म्हणाल्या. "लाउडस्पीकरसारखी बोलली!"

मी तिच्याकडे पाहावं की इंजिनाकडे, मला कळेना. तिनेच माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "पाहा ना आधी, सुकून जाईन!"

पाहिलं. सगळ्या गुलाबी इंजिनावर एका ठिकाणी गडद तांबडी रेघ उमटली होती. ओल्या गुलालाची. खालून बोट ठेवून मी ती रेघ वर वर शोधत गेलो. पाण्याच्या पंपामागे, पट्ट्याच्या आडोशाला, करंगळीएवढ्या लांबीचा एक रबरी पाईप असतो, त्याला बायपास म्हणतात. रेघ तिथं संपत होती. आरसा धरल्याशिवाय दिसू नये अशा त्याच्या खालच्या बाजूला, क्लिपने चावून चावून एक बारीक चीर पडली होती. थंड असताना रबर आवळलेलं, चीर बंद. हवेचा दाब देऊनही ती उघडली नव्हती. इंजिन तापलं, रबर सैल पडलं, आतलं पाणी जोर करायला लागलं की ती उघडायची, आणि त्यातून बारीक तुषार उडून तापल्या लोखंडावर जागच्या जागी वाळून जायचे. थेंब खाली पडेलच कसा? मी गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत सगळं कोरडं. आज मात्र तिथं गुलाल होता, आणि त्याने ओल धरून ठेवली.

हेड ठीक होतं. इंजिन ठीक होतं. मी लहान पोरासारखा दोन्ही हात वर करून नाचलो असं कौतिका वहिनी आजही सांगतात. मला आठवत नाही, पण खोटं नसावं.

आता चीर बांधायची कशाने? सायत्राबाईची टोपली सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेली होती. मी तिकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. "घे ना बापू," ती म्हणाली, आणि स्वतःच गाठ सोडायला लागली. टोपलीतलं सामान बायांनी ओच्यात घेतलं. इंजिन निवल्यावर मी पाईप पुसून कोरडा केला, ट्यूबची पट्टी ताणून ताणून त्यावर गुंडाळली आणि वरून तारेचे वेढे दिले. आत दाब वाढू नये म्हणून रेडिएटरचं झाकण एका खाचेवरच, थोडं ढिलं ठेवलं. चालू करून पाहिलं. कोरडं. गुलाल फिकट गुलाबी राहिला, कुठंही तांबडा झाला नाही.

पायथ्याशी पोचलो तेव्हा दुसरं मंडळ नुकतंच बसायच्या तयारीत होतं. माझा गुलाबी चेहरा पाहून त्यांनी हसून जागा दिली. पारबता पुढे बसली. पहिल्या ओळीला आवाज फाटला. मी डोळे मिटले. ती थांबली, पाण्याचा घोट घेतला, आणि सूर खाली घेऊन पुन्हा सुरू केलं. पूर्वी तिचा आवाज उंच चढायचा. आता तो खालून, जमिनीतून आल्यासारखा येत होता. तो पहिल्यासारखा नव्हता, आणि मला तो पहिल्यापेक्षा गोड वाटला. मंडळाने सूर उचलला, ढोलकी लागली, आणि मांडवाबाहेरून चढणारी माणसं थबकून ऐकू लागली. मी मांडवाच्या खांबाला टेकून रडत होतो. तोंडावरच्या गुलालात ओघळ पडत असणार, पण लाज वाटली नाही.

दर्शन घेऊन उतरताना सायत्राबाई आपल्या जागी बसलेली दिसली. टोपली आता लुगड्याच्या चिंधीने बांधलेली. मी वाकून तिच्या पाया पडलो. म्हणालो, "माय, आज तुले देवानंच पाठवलं."

ती खळखळून हसली. "देवानं नाही रे बापू. बस भरून होती, मले जागाच नाही भेटली!" आणि मग, बेलाचं एक पान माझ्या हातावर ठेवत, जरा हळू आवाजात म्हणाली, "आता बस कोन भरते, ते मले नाही माहीत."

दुसऱ्या आठवड्यात गोंदियाला जाऊन नवा पाईप, नवी क्लिप टाकून घेतली. कूलंट भरलं. ते अजून जसंच्या तसं आहे. जुना पाईप वाकवून उस्तादांनी ती चीर उघडी केली, बराच वेळ पाहिली. "ये तो दिखने वाली जगह ही नहीं है. मिला कैसे?" मी सांगितलं. ते गमतीने म्हणाले, "गुलाल का आइडिया किसने दिया?" मी म्हणालो, "हवा ने." त्यांनी हसून मान डोलवली. आता त्यांच्या दुकानात पावडरचा एक डबा असतो म्हणतात.

हे सगळं मी कोणाला पटवून द्यायला लिहीत नाही. वारा त्या दिवसांत सुटतोच. डॉक्टरांनी आवाज येईल असं सांगितलंच होतं. चीर होती, ती कधीतरी सापडलीच असती. मी स्वतः इंजिनं जाणणारा माणूस आहे, प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे मला ठाऊक आहे. पण मी हात टेकले त्याच ठिकाणी, त्याच वेळी, ज्या बाईसाठी मी थांबायला तयार नव्हतो तिच्याच हातून ते घडलं, एवढं मला दिसलं. मी रागावून विचारलं होतं, काऊन अडवतोस? अडवलं नसतं तर मी काट्यावर डोळे ठेवून तसाच पुढे गेलो असतो, आणि दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या असत्या. आता काही अडलं की मी आधी थांबतो. हातातलं काम सोडत नाही, पाना खाली ठेवत नाही, पण ते माझ्याच एकट्याच्या जोरावर व्हायला पाहिजे हा हट्ट सोडतो. एवढंच मी शिकलो. बाकी त्याचं देणं मोठं, माझी ओंजळ लहान.

सध्या उन्हाळी धान उभं आहे. सकाळी मी बांधावर पाणी वळवत असतो, आणि न्याहारी झाली की पारबता घराच्या आवारातून मला हाक मारते. ती हाक सगळं वावर ओलांडून येते, शेजारच्या धानाच्या बांधीतले बगळे उडतात. मला पहिल्या हाकेलाच ऐकू येतं. पण मी लगेच ओ देत नाही. तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून.